बुंध्यावरचा नंबर

मालेगावहून रिसोडकडे जाताना शिरपूर जैन लागतं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला इथे लांबलांबून लोक येतात. पुढच्या खेपेला वाटेत गाडी थांबवा आणि रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या कडुनिंबाजवळ जाऊन बघा. विदर्भातल्या जुन्या रस्त्यांवर अशा झाडांच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले असतात. रात्री गाडीच्या उजेडात झाड दुरून दिसावं, हा त्यांचा साधा उपयोग. पण चुन्याच्या पांढऱ्यावर कित्येकदा रंगानं एक आकडाही लिहिलेला असतो. येणारा-जाणारा त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मला त्या आकड्याचं फार अप्रूप वाटतं. बोलता न येणाऱ्या, जागचं हलता न येणाऱ्या एका जीवाची सरकारदफ्तरी एक ओळ आहे: क्रमांक, जात, घेर. घेर मोजायची जागासुद्धा ठरलेली. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीशी, टेप गुंडाळायचा. देशभर तिथेच मोजतात, म्हणून वाशीमचं कडुनिंब आणि कोल्हापूरचं कडुनिंब एका मापानं मोजलं जातं.

शहरांनी हे काम फार पुढे नेलं आहे. महाराष्ट्रात १९७५ साली नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. महानगरपालिका असो, नगरपरिषद असो, तिथे वृक्ष प्राधिकरण असलं पाहिजे, वृक्ष अधिकारी नेमला पाहिजे आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना झाली पाहिजे, असं तो सांगतो. माणसांची जनगणना दहा वर्षांनी करायची आपली रीत, झाडांची मात्र पाच वर्षांनी! मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं नोंदली गेली. त्या महानगरात, जिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे कुणीतरी एकेका झाडापाशी उभं राहून त्याची जात ओळखली, टेप लावला, उंचीचा अंदाज घेतला आणि ते नकाशावर नेमकं कुठे आहे ते टिपलं.

याच कायद्यातली दोन कलमं मला विशेष वाटतात. एकात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या आहे. कुऱ्हाड घालणं तर झालंच, पण झाड जाळणं किंवा कुठल्याही रीतीनं त्याला इजा करणं हेही कायद्याच्या नजरेत तोडणंच आहे. दुसऱ्या कलमाप्रमाणे तोडायची परवानगी कुणी मागितली, तर वृक्ष अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि तीच सूचना त्या झाडावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची. म्हणजे सावलीला बसलेल्या माणसालाही कळावं की हे झाड जाणार आहे, हरकत असेल तर सांगा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरानं तर प्रत्येक सार्वजनिक झाडाला क्रमांकाबरोबर ईमेलचा पत्ता दिला. फांदी मोडली, खोड कलंडलं, तर लोकांनी कळवावं एवढाच हेतू होता. लोकांनी झाडांना प्रेमाची पत्रं लिहिली.

पण मोजलेलं झाड वाचतंच असं नाही. त्यासाठी झाडात जिवंत काय असतं ते कळावं लागतं, आणि इथे खरं थक्क व्हायला होतं. त्या कडुनिंबाचा बुंधा दोन माणसांच्या कवेत मावत नाही, पण त्यातला बहुतेक भाग जिवंत नसतो. मधला गडद गाभा म्हणजे मेलेलं लाकूड, झाडाला उभं धरायला. त्याभोवतीच्या फिक्या थरातून पाणी वर चढतं. आणि साल नि लाकूड यांच्या मधोमध पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, कागदाइतका. आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल, दोन्ही हाच थर तयार करतो. एवढ्या मोठ्या झाडाची सगळी वाढ त्या कागदाएवढ्या थरावर चालते. म्हणूनच बुंध्याला ढोली पडली की झाड मेलं असं समजू नये. गाभा गेला तरी बाहेरची नळी पुरेशी जाड असेल तर झाड वर्षानुवर्षं उभं राहतं, आणि ढोलीत पिंगळा नि पोपट संसार थाटतात. उलट, बुंध्याभोवती तारेचा विळखा घट्ट आवळला, तर वरून धडधाकट दिसणारं झाड हळूहळू उपाशी मरतं, कारण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं.

आता त्याच बुंध्यावर शिकवणीच्या जाहिरातीची पाटी खिळ्यानं ठोकलेली बघा. खिळा बरोबर त्या जिवंत थरातून आरपार जातो. त्याच्या भोकातून बुरशीला आणि किडीला वाट मिळते. पुण्यात अंघोळीची गोळी या संस्थेनं ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम काढली आणि ती इतर शहरांतही पोहोचली. रविवारी पक्कड घेऊन निघायचं आणि झाडांतले खिळे, तारा, पाट्या काढायच्या. एवढं साधं काम, पण ज्याला तो पातळ थर माहीत आहे त्यालाच त्याचं मोल कळतं.

जखम झाल्यावर झाड काय करतं, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी यांत्रिक करवतीनं हजारो झाडं उभी चिरून आत पाहिलं. आपली कातडी फाटली की नवी पेशी जुनीची जागा घेते, जखम भरते. झाडाला तसं करताच येत नाही. ते सडक्या भागाला बांध घालतं. शेतात पाणी शिरलं की आपण वरून, खालून, बाजूनं माती ओढून ते अडवतो, तसं झाड जखमेच्या वर, खाली आणि आतल्या बाजूला आपल्या पेशींत रसायनं भरून वाट बंद करतं, आणि मग जखमेनंतर जन्मलेल्या नव्या लाकडाची भिंत बाहेरून उभी करतं. सडलेला तुकडा तसाच आत राहतो. जुनी जखम कायमची आत ठेवूनच झाड पुढे वाढतं. जखमेवर डांबर किंवा रंग फासून तिला मदत होते, हा समजही शायगोंच्या कामानं मोडीत निघाला.

यातून छाटणीचं सगळं शास्त्र बदललं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात. ते गरजेचंच आहे, वादळात तार तुटून माणूस दगावण्यापेक्षा फांदी गेलेली बरी. प्रश्न फांदी कुठून कापली याचा आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे जरा जवळून बघा, सालीची सुरकुतलेली, किंचित फुगीर कड दिसेल. झाडाचा बांध घालायचा सगळा सरंजाम त्या कडेत असतो. कड खरवडून खोडाला लागून कापलं, तर तो सरंजामच गेला. हातभर खुंट ठेवून कापलं, तर खुंट सडतो आणि सड आत उतरते. कापायचं कडेच्या अगदी बाहेर. मोठी फांदी असेल तर आधी खालून अर्धवट चीर, मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कडेशी उतरवायचा. तीन काप. करवत हाती असलेल्या माणसाला हे समजायला दहा मिनिटं पुरतात, आणि झाडाला त्यातून पुढची पन्नास वर्षं मिळू शकतात. माझ्या मते नगरपरिषदांच्या छाटणीच्या कंत्राटात ही तीन वाक्यं सक्तीची हवीत.

आणि मुळं. झाड जेवढं वर तेवढंच खाली, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ते बरोबर नाही. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात, त्यातली पाणी शोषणारी बारीक मुळं तर आणखी वर, आणि ती फांद्यांच्या घेराच्या बाहेर दूरवर पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. आपल्या काळ्या मातीत त्यांचे आधीच हाल: पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. त्यात चारही बाजूंनी सिमेंट रस्ता आणि बुंध्यापर्यंत भिडवलेले गट्टू, म्हणजे झाडाचं नाकतोंड दाबणं. दिल्लीतल्या अशा गळा आवळलेल्या झाडांचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, तेव्हा २०१३ मध्ये लवादानं झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं. एक मीटर खरं तर फार थोडं आहे. पण तेवढी मोकळी माती मिळाली तरी झाडाला श्वास घेता येतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्रानं १९७५ च्या कायद्यात मोठी सुधारणा केली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा मान मिळाला. झाड तोडायचंच असेल, तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची. साठ वर्षांचं कडुनिंब गेलं, तर साठ रोपं. हिशेब न्याय्य वाटतो, पण वय काढायचं कसं? सागाच्या खोडात दरवर्षीचं एकेक वलय स्पष्ट उमटतं. जावा बेटावरच्या सागाच्या वलयांवरून बेर्लागे या संशोधकानं १९३१ मध्ये १५१४ सालापर्यंत मागे जाणारी मालिका मांडली होती. वड-पिंपळाच्या लाकडात मात्र अशी वलयं सहज वाचता येत नाहीत. तिथे पुन्हा घेराचाच आधार, म्हणजे त्या छातीशी लावलेल्या टेपाचा. ज्या झाडाची तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणी नोंद केली असेल, त्याचं वय सांगायला तो कागद सगळ्यात भरवशाचा.

पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडण्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं आणि त्याला वयानं गुणावं असं सुचवलं. त्यात सर्वांत मोठा वाटा प्राणवायूचा होता. तो हिशेब मला तितकासा पटत नाही, हवेत प्राणवायूची टंचाई नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या भट्टीत झाडाची खरी किंमत सावलीची आहे. फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतं आणि ऊन तापायच्या आत नवी पालवी घेऊन उभं राहतं. मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी पानांतून हवेत सोडतं आणि भोवतालची उष्णता खेचून घेतं. साठ रोपं मिळून ही सावली यायला कित्येक वर्षं जातात, तीही उन्हाळ्यात कुणी टँकरनं पाणी घातलं तर.

आता पुन्हा शिरपूरला येऊ. वाशीमला नगरपरिषद आहे, मालेगावला नगरपंचायत. तिथल्या झाडाला १९७५ चा कायदा, गणना, वृक्ष अधिकारी, झाडावरची सूचना हे सगळं लागू. शिरपूर जैन ही ग्रामपंचायत. इथे यातलं काहीच लागू नाही. इथे लागू होतो १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा, आणि त्याच्या यादीत मुळात सोळा जाती आहेत: साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, अंजन अशा. यादी इमारती लाकडाची, फळाची, उत्पन्नाची बाजू बघून केलेली दिसते. सावली देणारं कडुनिंब त्यात नाही. वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही. गावाच्या पारावरचे हे चौघे कायद्याच्या यादीबाहेर! रस्त्याकडेचं झाड कुणाचं, हे तो रस्ता बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की ग्रामपंचायतीचा यावर ठरतं. आणि गावातल्या गल्लीतल्या झाडाच्या बुंध्यावर नंबर नसतो.

तरी गावाचे हात बांधलेले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाचा जुना वड महामार्गात जाणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि २०२० मध्ये रस्त्याची आखणी त्याच्यासाठी बदलावी लागली. त्यासाठी महानगरपालिका लागली नाही. साधनंही गावात आहेत. जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत गावातलं प्रत्येक मोठं झाड जात, घेर आणि जागेसकट लिहिता येतं. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. शेतकऱ्यांच्या हातात ती कधीच आली आहे, मग गावठाणातली झाडं मोजणं अवघड कसलं? माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायतींना हरित कामाचे गुण मिळतात, तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही यात रस वाटायला हरकत नाही.

शाळेची मुलं, एक शिवणकामाचा टेप, एक वही आणि चुन्याची बादली एवढ्यावर काम सुरू होईल. आधी गावातल्या वड, पिंपळ, चिंच, कडुनिंबांचा छातीशी घेर मोजा, तारीख टाका, नंबर घाला. मग बुंध्याभोवतीचे निदान मीटरभर गट्टू काढा, खिळे उपटा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवसांच्या आसपास सहसा ग्रामसभा असते. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘गावातील झाडांची नोंद’ हा विषय घालायला लावा, आणि ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून घ्या.