जुन्या चित्रखेळांची पेटी : रचना आणि पाठनिश्चिती

‘व्हिडिओ गेम’ म्हटले की सामान्यतः पडद्यावरील हलती चित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु हा खेळ लोकांपुढे प्रथम आला तो पुरुषभर उंचीच्या एका पेटीच्या रूपाने. १९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाण्यावर चालणारा खेळ सिद्ध केला. पुढील वर्षी ‘अटारी’साठी ॲलन अल्कॉर्न यांनी रचलेला ‘पाँग’ हा खेळ कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावी एका मद्यगृहात मांडण्यात आला. तेथून पुढे बराच काळ असा खेळ आणि त्याची पेटी या वस्तू सहसा परस्परांपासून वेगळ्या मानल्या गेल्या नाहीत. या पेटीस ‘आर्केड कॅबिनेट’ असे म्हणतात.

त्या काळच्या पेट्या आता दुर्मिळ झाल्या आहेत. तथापि त्यांतील खेळ मात्र उपलब्ध आहेत; कारण जुन्या यंत्राच्या वर्तनाचे नव्या संगणकावर अनुकरण करणाऱ्या आज्ञावली, म्हणजे ‘एम्युलेटर’, निर्माण झाल्या आहेत. त्यांपैकी ‘मॅम’ ही सर्वांत प्रसिद्ध असून तिची पहिली आवृत्ती १९९७ साली इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी प्रसृत केली. तिच्या आधारे अनेक हौशी मंडळी घरच्या घरी अशी पेटी तयार करतात. वरवर पाहता हे केवळ सुतारकाम वाटते. वस्तुतः मूळ कृतीतील काय राखावे व काय सोडावे, हा संपादकापुढे नेहमी येणारा प्रश्नच येथे फळी, तार आणि कळ यांच्या रूपाने उभा राहतो.

आज्ञावलीत काय नसते?

मराठी लेखनात ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांचा आरंभ एकाच अक्षराने होतो. उच्चारात मात्र पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य असतो. लिपी हा भेद नोंदवीत नाही, कारण तो वाचणाऱ्याच्या मुखी आहे असे तिने गृहीत धरले आहे. भाषा न ऐकलेल्या परकीयाच्या हाती केवळ लेखन पडले, तर हा भेद त्याच्यापुरता नष्ट होतो.

जुन्या खेळाची आज्ञावली ही अशीच एक लिपी होय. ‘तायतो’ या जपानी संस्थेने १९७८ साली प्रसृत केलेला, तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याच्या स्मृतिकोशात प्रत्येक चित्रबिंदूची नोंद ‘उजळ’ किंवा ‘काळा’ एवढीच असे. पडद्यावर दिसणारे रंग हे वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे होते. अमेरिकेत ‘मिडवे’ने काढलेल्या उभ्या पेटीत मॉनिटरचे चित्र आरशाच्या साह्याने चंद्रभूमीच्या रंगविलेल्या देखाव्यावर पाडले जाई, तो देखावाही आज्ञावलीत नाही. ध्वनीचीही तीच गोष्ट. शत्रू पुढे सरकताना ऐकू येणारे चार स्वर स्वतंत्र विद्युन्मंडलांतून निघत. त्यामुळे एम्युलेटरला बराच काळ ध्वनिमुद्रित नमुन्यांचा आधार घ्यावा लागला.

याउलट, जे आज्ञावलीत कोणी हेतुपूर्वक लिहिले असावे असे वाटते, ते कधी यंत्राच्या मर्यादेतून आलेले असते. या खेळात शत्रूंच्या ५५ आकृती असून यंत्र प्रत्येक चित्रक्षणी त्यांपैकी एकीलाच हलविते. आकृत्या जसजशा नष्ट होतात, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येते व त्यांची गती वाढते. शेवटच्या शत्रूची जी धावपळ खेळणाऱ्याच्या छातीत धडकी भरविते, तिचे मूळ या हिशेबात आहे. तात्पर्य, आज्ञावली, यंत्र आणि पेटी या तिहींच्या संयोगाने खेळाचा पाठ सिद्ध होतो.

पडद्याची निवड

घरी पेटी बांधणाराने करवत हाती धरण्यापूर्वी कोणत्या खेळांसाठी ती बांधावयाची हे ठरविले पाहिजे. ‘सर्व खेळांसाठी’ हे उत्तर मोहक असले तरी घातक आहे. याचे पहिले कारण पडदा होय.

१९८० साली ‘नामको’ने काढलेला, तोरु इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ हा खेळ प्रमाण मानून चालू. त्याचे चित्र २२४ बिंदू रुंद व २८८ बिंदू उंच, म्हणजे उभे आहे. त्यासाठी मूळ पेटीत मॉनिटर आडवा न ठेवता नव्वद अंशांनी फिरवून बसविलेला असे. हे चित्र १९२० × १०८० बिंदूंच्या आजच्या आडव्या पडद्यावर पूर्ण पटीत मोठे करावयाचे, तर ते तिप्पटच करता येते; चौपट केल्यास उंची ११५२ होऊन ती पडद्याबाहेर जाते. तिप्पट केले असता २४ इंची पडद्यावर जेमतेम साडेनऊ इंच उंचीचे चित्र मिळते व दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. उलटपक्षी, १६०० × १२०० बिंदूंचा जुना २० इंची सपाट पडदा उभा बसविला, तर चित्र पाचपट होऊन सुमारे साडेचौदा इंच उंच दिसते. मूळच्या १९ इंची नळीवरील आकाराशी हे पुष्कळच जुळते. म्हणजे लहान व कालबाह्य समजला जाणारा पडदा येथे नव्या मोठ्या पडद्यापेक्षा सरस ठरतो.

तरीही दोन भेद उरतातच. २२४ व २८८ यांचे गुणोत्तर ७:९ असे आहे. मूळ नळीवर मात्र हे चित्र साधारणतः ३:४ या प्रमाणात दिसे. बिंदू चौकोनी ठेवावेत की चित्राचे प्रमाण राखावे, यांपैकी एकच गोष्ट पूर्णत्वाने साधते. दुसरा भेद गतीचा. पॅक-मॅनचे यंत्र सेकंदास सुमारे ६०.६ चित्रे काढी. सामान्य पडदा ६० दाखवितो. खेळ किंचित मंद करावा किंवा मधूनमधून एखादे चित्र गाळावे, असा येथे विकल्प आहे.

जुनी काचनळी मिळवून हे सारे प्रश्न सोडविता येतात हे खरे. परंतु अशा नळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबलेले आहे. शिवाय रंगीत नळीत वीस हजार व्होल्टच्या आसपास विद्युद्दाब असतो व वीज बंद केल्यावरही तो काही काळ तिच्यात साठून राहू शकतो. ज्याने हे काम जाणकाराच्या हाताखाली केलेले नाही, त्याने नळीच्या मागील भागास हात लावू नये.

हाताचे व्याकरण

दुसरे कारण जॉयस्टिकचे, म्हणजे खेळणाऱ्याने हाती धरावयाच्या दांडीचे. पॅक-मॅनमध्ये मधोमध एकच दांडी असते. खेळ सुरू करण्याच्या बटनांखेरीज दुसरी कळ नाही. ही दांडी केवळ चार दिशा जाणते. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात अशीच दांडी व उडीसाठी एक बटन आहे. याउलट १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’ या द्वंद्वाच्या खेळास आठ दिशांची दांडी व प्रत्येक खेळाडूस सहा बटने लागतात.

दोन्ही प्रकारच्या दांड्यांच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात. आठ दिशांच्या दांडीत तिरप्या दिशेस दोन स्विच एकाच वेळी दाबले जातात. चार दिशांच्या दांडीखाली मात्र एक मर्यादक पट्टी असून ती तिरपी हालचाल अडविते. पॅक-मॅनच्या भुलभुलैयात वळणाच्या थोडे आधी दांडी फिरविल्यास नायक कोपरा कापून जातो. पाठलाग करणाऱ्या भुतांना हे करता येत नाही. जाणत्या खेळाडूची सारी भिस्त या क्षणभराच्या लाभावर असते. आठ दिशांच्या दांडीने वळताना हात तिरप्या दिशेत रेंगाळतो, यंत्रास दोन परस्परविरोधी आज्ञा मिळतात व नायक कोपऱ्यावर अडखळतो. खेळणाऱ्यास वाटते की आपला हात चुकला. प्रत्यक्षात दांडी चुकीची असते. ज्याने हा खेळ प्रथमच अशा पेटीवर पाहिला, तो ‘जुने खेळ ओबडधोबड होते’ असा समज करून घेतो. हा अन्याय खेळावर होतो, आणि त्याचा पत्ता कोणास लागत नाही.

यावर उपाय दोन. मर्यादक पट्टी फिरवून चार वा आठ दिशा करता येतील अशी दांडी बसवावी, किंवा पेटी एकाच वर्गातील खेळांपुरती ठेवावी. दुसरा उपाय अधिक स्वच्छ होय. १९७८ ते १९८३ या काळातील उभ्या पडद्याचे, चार दिशांचे व एकदोन बटनांचे खेळ एवढी मर्यादा मानली, तरी आयुष्यभर पुरतील इतके खेळ हाती राहतात.

बांधणी

पेटीसाठी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड किंवा एम.डी.एफ. वापरतात. प्लायवुड हलके असून खिळा व स्क्रू चांगला धरते, एम.डी.एफ. गुळगुळीत असल्याने रंगास सोयीचे, पण जड व ओलाव्यास भिणारे. कोकणासारख्या दमट हवेत प्लायवुडच बरे. प्रथम पूर्ण आकाराचा नमुना जाड पुठ्ठ्यावर काढून भिंतीशी उभा करावा व त्यापुढे उभे राहून पाहावे. बटनांच्या फलकाची उंची जमिनीपासून साधारणतः ३६ ते ४० इंच असावी. कोपर सैल राहून मनगट फलकावर टेकले पाहिजे. पडदा किंचित मागे कललेला असावा, म्हणजे उभ्या माणसाची दृष्टी त्यावर सरळ पडते व दिव्याचे प्रतिबिंब टळते.

दोन्ही बाजूंच्या फळ्या तंतोतंत सारख्या निघणे हे या कामाचे मर्म आहे. एक फळी कापून, कडा घासून पक्की करावी. दुसरी तिच्याखाली घट्ट बांधून राउटरने तिच्याच कडेवरून कापावी. आतील बाजूस रिपा सरसाने व स्क्रूने बसवून त्यांवर आडव्या फळ्या टेकवाव्यात. प्रत्येक सांध्यास गुण्या लावून काटकोन तपासावा, कारण तळाशी राहिलेला लहानसा बाक माथ्याशी मोठा होऊन दिसतो. कडांत खाच पाडून टी-आकाराची प्लास्टिकची पट्टी ठोकून बसविली की जुन्या पेट्यांचे रूप येते. बटनांसाठी छिद्रे पाडण्यापूर्वी बटने हाती असावीत; अमेरिकी पद्धतीच्या बटनास सुमारे २८ ते २९ मिलिमीटरचे, तर जपानी पद्धतीच्या मोठ्या बटनास ३० मिलिमीटरचे छिद्र लागते. मागील बाजूस खाली व वर झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून खालून थंड हवा येते.

दांडी व बटनांच्या तारा एका लहान फलकास जोडतात; तो फलक प्रत्येक कळेचा दाब संगणकास कळवितो. संगणक फारसा बलवान लागत नाही. ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा संगणकही या काळच्या बहुतेक खेळांस पुरतो. ‘मॅम’ २०१६ पासून मुक्त परवान्याखाली आहे. परंतु मूळ खेळांच्या आज्ञावलींवरील हक्क तिच्याहून वेगळे असून ते ज्याचे त्याच्याकडे आहेत. म्हणून खेळ अधिकृतरीत्या मिळविणे आवश्यक आहे.

नाण्याची फट पुष्कळ जण निरर्थक म्हणून गाळतात व एका बटनाने हवे तितके डाव घेण्याची सोय करतात. हा बदल लहान वाटला तरी अर्थाचा आहे. पॅक-मॅनमध्ये बहुधा तीन प्राण मिळत व दहा हजार गुणांवर एक अधिक. ते संपले की नवे नाणे टाकून प्रथमपासून आरंभ करावा लागे. प्रत्येक वळणावरील सावधपणा या किमतीतून आलेला आहे. नाणे टाकण्याची कृती, निदान खोट्या नाण्याने तरी, राखणे इष्ट होय.

बदलांची नोंद

या कामात एक गोष्ट मात्र वर्ज्य मानली पाहिजे. बंद पडलेली मूळ पेटी मिळाल्यास तिच्यातील यंत्र व नळी काढून टाकून त्या कवचात संगणक बसविण्याचा मार्ग सोपा असतो. हे जुने हस्तलिखित धुऊन त्याच कागदावर नवी प्रत लिहिण्यासारखे आहे. नवी पेटी केव्हाही बांधता येते. मूळ पेटी पुन्हा निर्माण होत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेदही दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकास मागे जाता यावे, हा त्यामागील हेतू. पेटी बांधणारासही हे सहज करता येईल. मागील दाराच्या आतल्या बाजूस एक कागद डकवावा. मूळ पडदा कोणता व आता कोणता, चित्राचे प्रमाण व गती यांत काय बदलले, दांडी किती दिशांची, ध्वनी मूळ मंडलाचे की मुद्रित, रंग कोठून आले, हे त्यावर लिहावे. अशा दहा ओळी लिहावयास अर्धा तास पुरतो. उद्या त्या घरातील मूल याच पेटीवरून १९८० सालचा खेळ कसा होता हे ठरविणार आहे. त्याच्यापुढे मूळ कोणते व दुरुस्ती कोणती, हे स्पष्ट असले पाहिजे.