केटली, विद्युत्

विजेच्या साहाय्याने पाणी उकळण्याचे घरगुती उपकरण. सुरुवातीच्या केटल्यांत तापन घटक तळाखालच्या वेगळ्या कप्प्यात असल्याने बरीच उष्णता वाया जाई. १९२२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेस्ली लार्ज यांनी धातूच्या नळीत बंदिस्त केलेला घटक प्रत्यक्ष पाण्यात बुडविण्याची योजना केली. १९५५ मध्ये रसेल हॉब्ज या कंपनीने पाणी उकळताच आपोआप बंद होणारी केटली बाजारात आणली.

कमी वॉटची केटली वीज वाचविते, हा समज बरोबर नाही. १ लिटर पाणी २५° से.पासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास सु. ३१५ किलोजूल, म्हणजे सु. ०·०९ किलोवॉट-तास ऊर्जा लागतेच. १,५०० वॉटची केटली हे काम सु. चार मिनिटांत करते. ५०० वॉटच्या केटलीस अकरा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात हवेत अधिक उष्णता निसटते. जरुरीपुरतेच पाणी भरल्याने मात्र खरी बचत होते.

म्हणून केटली निवडताना तिच्या रूपापेक्षा घरातील वीजजोडणीचा विचार आधी करावा. २३० व्होल्ट दाबावर १,५०० वॉटची केटली सु. ६·५ अँपिअर प्रवाह घेते. दिवे-पंख्यांसाठीचे नेहमीचे सॉकेट ६ अँपिअरचे असते. त्यावर अशी केटली रोज चालविल्यास सॉकेट व तारा तापतात. तिला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. मध्ये जोडप्लग बसवून मोठी पिन लहान सॉकेटात घालण्याची सर्रास आढळणारी युक्ती धोक्याची आहे. प्लग तीन पिनांचा असावा व भूसंपर्क तार खरोखरच जोडलेली असावी. परदेशी नेताना दाब पाहणे अगत्याचे असते : १२० व्होल्टवर हीच केटली जेमतेम चतुर्थांश शक्तीने चालते, तर १२० व्होल्टची केटली २३० व्होल्टवर जळून जाते.

स्वयंचलित केटलीत उकळत्या पाण्याची वाफ द्विधातू पट्टीवर येते, पट्टी वाकते व खटका पडतो. झाकण उघडे राहिल्यास वाफ तेथवर पुरेशी पोहोचत नाही आणि पाणी उकळतच राहते. केटली रिकामी असता प्रवाह तोडणारी दुसरी, स्वतंत्र योजनाही असावी. स्वस्त केटल्यांत ती आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

तळ अगंज पोलादाचा व तोंड हात जाण्याइतके रुंद असल्यास सफाई सोपी होते. दुष्फेन (जड) पाण्याने तळावर क्षारांचा थर बसतो. तो लिंबूसत्वाच्या विद्रावाने निघतो. पाण्यासाठी बनविलेल्या केटलीत दूध तापवू नये. ते तळाला करपते व खटका पडण्यापूर्वीच उतू जाऊ शकते.