लेटेक्स ॲलर्जी: रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी काय सांगावे?

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेअंतर्गत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात. शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना आपण मधुमेह, रक्तदाब याविषयी सांगतो. रबराची ॲलर्जी मात्र सांगायची राहून जाते.

लेटेक्स म्हणजे काय?

रबराच्या झाडाच्या चिकापासून बनलेले नैसर्गिक रबर. काही हातमोजे, लघवीच्या नळ्या आणि रक्त घेताना दंडाला बांधायचे पट्टे यांत ते असते. त्यातील प्रथिनांची काहींना ॲलर्जी होते.

कोणती लक्षणे ओळखावीत?

• फुगा फुगवल्यावर ओठ सुजणे
• रबरी हातमोजे किंवा निरोध वापरल्यावर खाज येणे, अंगावर गांधी उठणे
• शिंका येणे, नाक गळणे, छातीत घरघर होणे

श्वास घ्यायला त्रास होणे, घसा किंवा जीभ सुजणे, चक्कर येऊन रक्तदाब उतरणे ही जिवाला धोका असल्याची चिन्हे आहेत. घरी थांबू नका, त्वरित रुग्णालयात जा.

धोका कोणाला जास्त?

• अनेक शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती
• पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग असलेली मुले
• वारंवार हातमोजे वापरणारे आरोग्य कर्मचारी आणि रबर कामगार

केळी, पपई, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

रुग्णाने काय करावे?

1. दाखल होतानाच डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकेला सांगा. भूल दिल्यावर तुम्हाला बोलता येणार नाही.
2. केसपेपरवर ‘लेटेक्स ॲलर्जी’ अशी ठळक नोंद करून घ्या.
3. लेटेक्समुक्त साहित्य वापरण्याची विनंती करा. शक्य असल्यास दिवसातील पहिली शस्त्रक्रिया तुमची ठेवावी, असे सुचवा. तोपर्यंत आधीच्या हातमोज्यांची पावडर हवेत मिसळलेली नसते.

कर्मचाऱ्यांनी काय करावे?

हातमोज्यांतील पावडर लेटेक्सची प्रथिने हवेत पसरवते. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे मागा. ‘पावडरविरहित’ म्हणजे ‘लेटेक्समुक्त’ नव्हे, वेष्टन वाचा. हाताला सतत खाज किंवा पुरळ येत असल्यास वरिष्ठांना कळवून तपासणी करून घ्या. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही या योजनेचे संरक्षण देण्याची घोषणा 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली आहे.

खर्चाचे काय?

आधीपासून असलेल्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. ॲलर्जी सांगितल्यामुळे लाभ नाकारला जात नाही. औषधे व वैद्यकीय साहित्याचा खर्च योजनेच्या उपचारात समाविष्ट असतो. हातमोज्यांचे वेगळे पैसे मागितल्यास आरोग्यमित्राला भेटा किंवा 14555 या क्रमांकावर तक्रार करा. केवळ बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र योजनेत येत नाही. त्यासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे.