रात्रीच्या गाडीने वाळवंट दिसत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आईला घेऊन जैसलमेरला गेलो होतो. तिला वाळवंट बघायचं होतं. जोधपूरहून रात्रीची गाडी धरली, कारण तेवढंच हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचत होतं. पहाटे जैसलमेर आलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. आईनं शाल सारखी करत विचारलं, "वाळवंट कधी लागलं रे?" मी म्हटलं, "लागलं आणि संपलंही." "मग मला उठवलं का नाहीस?" आता उठवून काय दाखवणार होतो? जवळजवळ तीनशे किलोमीटरचं वाळवंट आम्ही झोपेत पार केलं होतं.

पुढचे दोन दिवस किल्ला, हवेल्या, समच्या वाळूच्या टेकड्या असं सगळं रीतसर झालं. पण आईच्या मनातून ते जाईना. शेवटी परतीचं रात्रीचं आरक्षण रद्द केलं, थोडे पैसे बुडवले आणि दिवसाच्या गाडीनं जोधपूरला आलो. पोखरण, रामदेवरा, फलोदी, ओसियाँ अशी स्टेशनं येत गेली. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे, हे तेव्हा कळलं. मैलोगणती सपाट जमीन, रुईची झुडपं, शेळ्यांचे कळप आणि शेतात एकेकटी उभी असलेली, फांद्या छाटलेली झाडं. तिकडे त्यांना खेजडी म्हणतात. शेजारच्या बाईंनी सांगितलं, याचा पाला जनावरांना घालतात आणि शेंगांची भाजी करतात. आई म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली शमी!" दसऱ्याला पूजा करतो ती शमी तिनं आयुष्यात पहिल्यांदा शेतात उभी पाहिली, तीही खिडकीतून.

तेव्हापासून प्रवास आखायला बसलो की मी आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी काढत नाही, गाडीचं वेळापत्रक काढतो. रस्त्यातला बघण्याजोगा तुकडा कोणता, आणि तो गाडी किती वाजता ओलांडते, एवढंच पाहतो. बाकी सगळं त्यानंतर.

उदाहरण घरचंच घ्या. गोव्याला जाताना कोकणकन्या रात्री निघते आणि मांडवी सकाळी. रूळ तेच, बोगदे तेच, पूल तेच. पण एकीत कोकण दिसतं आणि दुसरीत दिसत नाही. रात्र वाचवायची म्हणून आपण कोकणकन्या धरतो आणि मग कोकण रेल्वेचा प्रवास केला म्हणून सांगतो!

लांबचा प्रवास असेल तर एक सलग तिकीट काढण्याऐवजी दोन काढावीत. घाटाच्या किंवा वाळवंटाच्या पायथ्यापर्यंत रात्रीची गाडी, आणि तिथून पुढे दिवसाची. कालका-सिमला गाडीचं हेच आहे. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग कालक्याच्या साडेसहाशे मीटरवरून सिमल्याच्या दोन हजारांवर चढतो, आणि त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. रात्री कालक्याला पोहोचून सकाळची छोटी गाडी धरली तर तो सगळा चढ उजेडात होतो. आरक्षण मात्र वेळेवर करायला हवं. नोव्हेंबर २०२४ पासून ते एकशेवीस दिवसांऐवजी साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख वहीत लिहून ठेवावी.

आता उजेड म्हणजे नेमका किती वाजता, हे गावागणिक बदलतं. घड्याळ साऱ्या देशाचं एक, पण सूर्य काही आपल्या घड्याळानं चालत नाही. पूर्व-पश्चिम एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. जैसलमेर ७१ अंशांच्या जवळ आणि गुवाहाटी ९२ अंशांच्या जवळ, म्हणजे जवळजवळ दीड तासाचा फरक. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, म्हणून आमच्या पहाटेला काळोख होता. उलट गुवाहाटीला साडेचारलाच मावळतो. त्यामुळे आसामातल्या हाफलाँगच्या डोंगरातून दुपारी चारनंतर जाणारी गाडी हिवाळ्यात धरली तर काळोखच पदरी यायचा. टिटवाळ्याच्या सवयीनं "सहापर्यंत उजेड असतोच की" असं गृहीत धरू नये.

सूर्यावरूनच बाजूही ठरवता येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत दिवसभर ऊन डावीकडून येतं आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत उजवीकडून. बसावं सावलीच्या बाजूला. डोळ्यांवर ऊन येत नाही आणि समोरच्या मुलखावर ते छान पडलेलं असतं. एकट्यानं जायचं तर स्लीपरचा साइड लोअर बर्थ मागावा, खिडकी आपली एकट्याची राहते. फक्त तो बर्थ गाडीच्या डाव्या अंगाला येईल की उजव्या, हे सांगता येत नाही, कारण डबा कोणत्या तोंडानं जोडलाय त्यावर ते असतं. वातानुकूलित डब्याच्या काचेपेक्षा स्लीपरची उघडी खिडकी बघण्यासाठी केव्हाही बरी, धूळ खायची तयारी मात्र हवी.

गाजावाजा आणि देखावा यांचा संबंध असतोच असं नाही. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाली. वाटेत चिनाबवरचा पूल आहे, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच. एकदा बघावाच. पण कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरपैकी सुमारे ९७ किलोमीटर बोगद्यांत आहेत. पीर पंजालची शिखरं खिडकीतून न्याहाळू अशा आशेनं जाल तर आपलंच तोंड काचेत बघत बसाल. काश्मीरला पोहोचण्यासाठी ती गाडी उत्तम, डोंगर बघण्यासाठी रस्ता.

रस्त्याचं म्हणाल तर डोंगर आणि वाळवंट दोन्ही एकाच ठिकाणी बघायचं असेल तर लडाख. पाऊस नाही, झाड नाही आणि उंची साडेतीन हजार मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. इथे वेळापत्रक छातीनं ठरवायचं असतं. मनालीहून निघालं की दोन हजार मीटरवरून दुसऱ्याच रात्री माणूस सरचूला सव्वाचार हजारांच्या वर झोपतो, आणि अनेकांना तिथे डोकं धरून रात्र काढावी लागते. श्रीनगरकडून गेलं तर झोजीला ओलांडून कारगिलला, म्हणजे सत्तावीसशे मीटरच्या आसपास मुक्काम होतो, आणि शरीर हळूहळू रुळतं. म्हणून जाताना श्रीनगर, येताना मनाली. विमानानं थेट लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही, खोलीवर पडून राहायचं. बरोबर वडीलधारी मंडळी असतील, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. सहल रद्द झाल्याचं वाईट वाटतं, पण ते परवडतं.

त्या रस्त्यांवरही सूर्याचंच राज्य. बर्फ दुपारी वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारनंतर गाडी अडवण्याइतका फुगतो. म्हणून तिकडचे चालक पहाटे निघायला सांगतात, त्यात कटकट करू नये. पेट्रोलचंही तसंच. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपापाशी "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" अशी पाटी कित्येक वर्षं होती. पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी.

पण इतक्या लांब जाण्याआधी रंगीत तालीम घराशेजारीच करता येते. आपण टिटवाळ्याची माणसं रोज कसारा लोकलला जागा मिळेल का याची काळजी करतो, आणि कसाऱ्याच्या पुढे काय आहे ते बघत नाही. कसारा ते इगतपुरी या चौदा-पंधरा किलोमीटरांत गाडी सुमारे तीनशे मीटर चढते. चढ ३७ मीटरला एक मीटर. कसाऱ्याला गाडीला मागून इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. सगळा भार पुढून ओढला तर मधली एखादी जोडणी तुटून मागचे डबे उताराला लागायची भीती, म्हणून मागून रेटा द्यायचा. मागच्या डब्यात बसलात तर तो रेटा अंगाला जाणवतो. याच घाटात सुमारे पंचावन्न मीटर उंचीचा एहेगावचा पूल आहे, पण डुलकी लागली तर हुकतो. २०२३ पासून धावणारी शिर्डीची वंदे भारत बँकरशिवायच चढते, कारण तिची मोटारशक्ती डब्याडब्यांत वाटलेली आहे.

इथेही घड्याळ लागतंच. पंचवटी सकाळी घाट उतरते ती उजेडात, संध्याकाळी चढते ती काळोखात. तपोवन सकाळी चढते. मेल-एक्सप्रेससाठी आपल्याला पुढे जायला आधी मागे कल्याणला जावं लागतं, त्याला इलाज नाही. वेळा बदलत राहतात, निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

घाट पावसाळ्यात सगळ्यात देखणा, आणि तेव्हाच सगळ्यात लहरी. २९ ऑगस्ट २०१७ ला सकाळी नागपूरहून मुंबईकडे येणारी दुरांतो वासिंद आणि आसनगावच्या मध्ये रुळांवर आलेल्या दरडीमुळे घसरली. सुदैवानं जीवितहानी झाली नाही, पण टिटवाळ्यापुढची वाहतूक ठप्प झाली. माथेरानची छोटी गाडी २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यानं नेरळहून बंद पडली, ती पूर्ण मार्गावर सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. ऑगस्ट २०२३ मध्ये सिमल्याजवळ समर हिलला भूस्खलन होऊन रूळ अधांतरी लोंबकळत राहिले होते. म्हणून पावसाळी सहलीत परतीचा दिवस आणि कामावर हजर होण्याचा दिवस यांच्यामध्ये एक दिवस मोकळा सोडावा. हिमालयात जुलै-ऑगस्टला जायचंच तर लडाखसारख्या पावसाच्या सावलीतल्या भागात जावं, आणि तिथे पोहोचण्याचा रस्ताही पावसातूनच जातो हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात, गोवेलीहून माळशेजकडे गाडी वळवण्याआधी त्याची चौकशी करावी. आणि घाटात दारात लोंबकळून फोटो काढू नयेत. बोगद्याची भिंत हातभरच अंतरावर असते.

आईला गेल्या श्रावणात तपोवननं इगतपुरीपर्यंत नेऊन आणलं. गुडघ्यांमुळे आता ती लांब येत नाही. कल्याणला खिडकी मिळाली, कसाऱ्याला तिनं आपण होऊन चष्मा पुसला, आणि इगतपुरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.