सगळ्यात वेगवान तेच भारी?

वडोदऱ्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना २०२४ला सुरू झाला. तेव्हापासून शहरातल्या आमच्या मांडवीत चहाच्या टपरीवरही हाच प्रश्न : सगळ्यात वेगवान विमान तेच भारी? नाही हो, मंडळी!

आपल्या हवाई दलाचं बरेलीचं मिग-२५ आवाजाच्या अडीचपटीहून जास्त वेगानं जायचं. त्या वेगात अंग इतकं तापतं की ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून सांगाडा मुख्यतः पोलादाचा. तापलेलं विमान इन्फ्रारेड संवेदकांना लांबून दिसतं. इंजिनाला हवा देणारी ती मोठी चौकोनी तोंडं रडारवरही ठळक उठतात. २००६ला ते निवृत्त झालं.

अमेरिकेच्या एफ-११७ विमानानं रडारपासून लपण्यासाठी उलटं केलं : हिऱ्यासारखे सपाट पैलू, हवेच्या तोंडावर जाळी, आफ्टरबर्नर नाही. वेग आवाजापेक्षा कमीच!

माझं स्पष्ट मत : आपल्या ॲम्का या नव्या लढाऊ विमानानं आधी लपायला शिकावं, वेग नंतर.