आधी सॉफ्टवेअर बदला, मग सिस्टीम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला. म्हणून त्या दिवशी घरोघरचे डेस्कटॉप बंद पडले असे नाही. बटण दाबले की ते पूर्वीसारखेच सुरू होतात. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येईनाशा झाल्या, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांनाही त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच देण्याचे कंपनीने ठरवले. विंडोज ११ घालावे तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी घेतलेले ठणठणीत यंत्रही बाद ठरते. अशा वेळी घरातला एखादा जाणकार भाचा सांगतो, ‘विंडोजच्या जागी लिनक्स टाका, फुकट आहे.’ सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. घरात लिनक्स फसते ते बहुतेक वेळा एकाच रविवारी सगळे बदलून टाकण्याच्या घाईमुळे. सिस्टीम ही सर्वांत शेवटी बदलायची गोष्ट आहे.

याचा चांगला दाखला फ्रान्समध्ये मिळतो. तिथल्या जाँदार्मेरी या लष्करी शिस्तीच्या पोलीस दलाने २००५ मध्ये विंडोज तसेच ठेवून फक्त मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढले आणि ओपनऑफिस आणले. पुढच्या वर्षी ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड आले. हाताला या तिन्हींची सवय झाल्यावर, २००८ पासून, खालची विंडोज काढून उबुंटू लिनक्स बसवायला सुरुवात झाली. रोज उघडायच्या खिडक्या त्याच राहिल्याने शिपायाला बदल फारसा जाणवण्याचे कारणच उरले नाही. आज या दलाचे बहुतेक संगणक जेंडबुंटू या त्यांच्याच घडवलेल्या आवृत्तीवर चालतात. यावर जर्मनीतल्या म्युनिकचे नाव हमखास पुढे येते. त्या शहराच्या पालिकेने पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आक्षेप वजनदार आहे. मात्र त्याच्या आदल्या वर्षी पालिकेनेच मागवलेल्या अहवालाने मुख्य दोष विखुरलेल्या कारभाराला दिला होता. शिवाय विंडोजवाचून न चालणारी काही कामे तिथे अखेरपर्यंत उरलीच होती. घरासाठी म्युनिकचा धडा एवढाच, की अशी कामे आधी मोजावीत.

ती मोजताना आपल्याकडची एक अडचण हटकून निघते, ती म्हणजे जुन्या मराठी फाइली. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात खरे तर मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. त्यांवर मराठी आकार चढवतो तो फाँट. फाँट नाही म्हटल्यावर सोसायटीची इतिवृत्ते आणि आजोबांच्या आठवणी, सगळ्याचा चिन्हांचा चिवडा होतो. म्हणून विंडोज जिवंत असतानाच या फाइली युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि निदान काही पाने मुळाशी ताडून पाहावीत, कारण जोडाक्षरे आणि रफार अशा रूपांतरात हमखास घसरतात. युनिकोडमधल्या मजकुरात मराठी अक्षरेच साठवलेली असल्याने त्याची ही काळजी नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच, तो फक्त सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा. फरक पडतो तो मांडणीत. विंडोजचा मंगल फाँट इथे नसतो, त्याच्या जागी दुसरा बसतो आणि ओळी सरकतात. छापखान्याला किंवा बँकेला पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवावा, हे बरे.

आता खुद्द अनोळखीपणाबद्दल. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झाले ते एका यंत्रावर अनेकांनी काम करावे या कल्पनेने, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌सने लिहायला घेतलेल्या लिनक्सने तीच ठेवण उचलली. म्हणून इथे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतात. सगळे एकाच मुळापासून फुटलेल्या फोल्डरांत असते आणि पेन ड्राइव्हही त्यातलाच एक फोल्डर होऊन बसतो. फाइलच्या इंग्रजी नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळे धरले जाते, त्यामुळे ‘बिल’ नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी नांदू शकतात. सिस्टीमला हात लावणारे काही करायचे झाले की पासवर्ड मागितला जातो. प्रोग्रॅम इकडून तिकडून उतरवायचे नसतात. सिस्टीमच्या भांडारातून घ्यायचे. त्याचा फायदा असा, की सिस्टीम, ऑफिस आणि ब्राउझर यांच्या दुरुस्त्या एकाच ठिकाणाहून एकदम होतात. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतील ही भीती मिंटसारख्या घरगुती आवृत्तीत रोजच्या कामापुरती फोल आहे. बिघाडाच्या दिवशी मात्र ती खिडकी उघडावी लागते. हे लिनक्सचे भक्त सहसा सांगत नाहीत.

काही घरांनी या वाटेला जाऊच नये. टॅलीवर हिशेब लिहिणारे, फोटोशॉप किंवा कोरलवर पोट असणारे, डिजिटल सहीचे टोकन लावून टेंडर भरणारे, यांनी विंडोज ठेवलेली बरी. दुसरा प्रश्न खरा आणि कठीण आहे: बिघडले तर बोलवायचे कोणाला? कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला विंडोजच पुन्हा घालून देईल. घरात किंवा नात्यात शिकायची तयारी असलेले एक तरी माणूस नसेल, तर फुकट मिळालेली सिस्टीम महागात पडते.

उरलेल्यांना मात्र आज काहीच पणाला न लावता पारखता येते. विंडोजवरच ओपनऑफिसच्या घराण्यातले लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स घ्या आणि महिनाभर तेवढ्यावर भागते का पाहा. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता ते चालते, थोडे संथ, पण वाय-फाय, आवाज, वेबकॅम, स्कॅनर सगळे तपासता येते. प्रिंटरवर मराठी पान काढून बघाच, कारण काही जुने लेझर प्रिंटर इथेच अडतात. हे जमले तर फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून उघडते याची खात्री करा, आणि मगच इन्स्टॉलचे बटण दाबा. पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला, तर जुनी विंडोज आणि तिच्यातल्या फाइली पुसल्या जातात.