दाताच्या ड्रिलमधले छर्रे

साताऱ्याचे कंदी पेढे प्रसिद्ध, तर सांगलीकडे उसाचे मळे. गोड खाऊन दात किडला, की ड्रिलचा कर्कश आवाज कानी पडतोच. हवेच्या झोतावर फिरणारे हे ड्रिल मिनिटाला सुमारे ३ ते ४ लाख फेरे घेते.

त्याचा आस दोन छोट्या बॉल बेअरिंगवर फिरतो. सायकलच्या चाकाचा नट सैल असला की चाक डुगडुगते, फार आवळला की जड फिरते. ड्रिलमध्ये हा समतोल नागमोडी स्प्रिंग-वॉशर साधतो. तो बेअरिंगवर सतत हलका दाब ठेवतो. यालाच ‘प्रीलोड’ म्हणतात. दाब कमी पडला तर टोक थरथरते, दाताला हादरे बसतात. जास्त झाला तर बेअरिंग तापून लवकर झिजते.

प्रत्येक रुग्णानंतर ड्रिलचा हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ ते १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करावा लागतो. वारंवार वाफ लागल्याने बेअरिंगची झीज वाढते. म्हणून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे सफाई आणि तेलपाणी हवे. बेअरिंग वाचवण्यासाठी निर्जंतुकीकरण टाळणे मात्र धोक्याचे. हिपॅटायटिस बीसारखे आजार रक्तातून पसरतात. ‘हँडपीस ऑटोक्लेव्ह केला आहे ना?’ असे डॉक्टरांना विचारण्यात रुग्णाने संकोच करू नये.